मिलिटरी काकांचा सत्कार करताय, तर आधी त्यांची ट्रंक उघडायला सांगा

प्रश्न थोडक्यात असा आहे. परळच्या एका चाळीत १९७१ च्या लढाईतले एक निवृत्त नाईक (ही फौजेतली रँक, आडनाव नाही) राहतात, वय ७५, सगळे त्यांना मिलिटरी काका म्हणतात. फौजेतून आल्यावर बँकेत सिक्युरिटी गार्ड होते, आणि गेली कित्येक वर्षं आजूबाजूच्या गरीब घरातल्या पोरांना शाळा दारात उभं करत नाहीत म्हणून शाळांशी आणि ऑफिसांशी भांडतायत. चाळीच्या मंडळाला २६ जानेवारीला त्यांचा सत्कार करायचाय, २५ हजार जमलेत, शाल, श्रीफळ, ट्रॉफी, बॅनर, डीजे आणि एक पुढारी एवढं ठरलंय. विचारलंय की अजून काय करता येईल.

अजून काही करायच्या आधी यातलं काय काय काढता येईल ते बघू.

मी स्वतः बारा वर्षं आर्मी एज्युकेशन कोरमध्ये हवालदार होतो, म्हणजे जवानांना मॅप रीडिंग शिकवायचं, त्यांच्या प्रमोशनच्या परीक्षा पास करून घ्यायच्या, आणि तिथून सुटल्यावर रिटायर होईपर्यंत महापालिकेच्या शाळेत मास्तरकी केली. दोन्हीकडचा असल्यामुळे असला सत्कार निघाला की पोरं माझ्याकडेच येतात, सर मानपत्र लिहून द्या, सर माईकवर तुम्हीच बोला. चाळीसेक तरी केले असतील. त्यातले निम्मे फसले असं माझं मत आहे, लोक "कार्यक्रम मस्त झाला" म्हणून गेले तरी.

फसले कशामुळे, तर सगळ्या कार्यक्रमात फौजी तेवढा दिसतो आणि शाळेसाठी भांडणारा माणूस कुठेच नसतो. बॅनरवर रणगाडा, वर दोन विमानं, मागे तिरंगा आणि मधे काकांचा आधार कार्डावरचा फोटो. अहो, ती लढाई ३ डिसेंबरला सुरू झाली आणि १६ डिसेंबरला संपली. काकांची शाळेची लढाई अजून चालू आहे, आणि तिचं बॅनरवर काही टाकायचं म्हटलं तर काय टाकणार, पोचपावतीचा फोटो? खरं तर तोच टाका.

ही पोचपावती मी उगाच म्हणत नाहीये. लालबागला एका अशाच आजोबांकडे मी मानपत्रासाठी माहिती घ्यायला गेलो होतो. पलंगाखालून त्यांनी काळी ट्रंक ओढली, वर पांढऱ्या ऑइल पेंटने नंबर, रँक, नाव, अजून वाचता येत होतं. मला वाटलं आता मेडल निघतील. निघाल्या त्या फायली. शाळेला दिलेले अर्ज, त्यावर ऑफिसचे गोल शिक्के, रजिस्टर पोस्टाच्या पावत्या, एडीची कार्डं (टपाल पोचल्याची सही होऊन परत येणारी), सगळं वर्षाप्रमाणे प्लॅस्टिकच्या पिशवीत, प्रत्येक पिशवीवर पोराचं नाव आणि कितवीत बसवलं ते. मेडल कुठायत विचारलं तर म्हणाले असतील खाली, आणि तळाशी बिस्किटाच्या डब्यात सापडली, दोन रिबिनींचे धागे सुटलेले, एक मेडल काळं पडलेलं. मला जे लिहायचं होतं ते त्या ट्रंकेने सांगून टाकलं. म्हणून तुम्हालाही पहिलं काम हेच सांगतो, दोघं जण जा, चहा घ्या, घाई करू नका, आणि ट्रंक उघडाल का असं विचारा. मोबाईल रेकॉर्डिंगला लावायचा तर आधी परवानगी घ्या, फौजी माणूस त्याशिवाय मोकळा होत नाही.

आता मेडलचं, कारण इथे मी एकदा तोंडावर पडलोय. माझा एक जुना कार्यक्रम, मी माईकवर, घाईत कुणीतरी चिठ्ठी दिली आणि मी जोरात वाचलं, "वीरचक्र विजेते." टाळ्या पडल्या. आजोबा उठले, माझ्या हातातून माईक घेतला आणि म्हणाले, मला वीरचक्र नाही, माझ्याकडे पश्चिमी स्टार आहे, लढाईत होतो म्हणून मिळालेला, ज्यांना चक्र मिळतं त्यांचं नाव मला लावू नका. आणि बसले. पुढचा अर्धा तास मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

तर लक्षात ठेवा, शौर्यपदकं वेगळी आणि लढाईत किंवा त्या काळात नोकरीत असल्याची पदकं वेगळी. परमवीर, महावीर, वीर ही तीन चक्रं शत्रूसमोरच्या शौर्याची. १९७१ वाल्यांकडे बहुतेक करून असतं ते पश्चिमी स्टार किंवा पूर्वी स्टार, कुठल्या बाजूच्या आघाडीवर होते त्याप्रमाणे, आणि संग्राम मेडल, जे त्या काळात नोकरीत असलेल्यांना मिळालं. शिवाय १५ ऑगस्ट १९७२ ला नोकरीत होते त्यांना स्वातंत्र्याच्या २५ वर्षांचं मेडल, आणि ९ वर्षं झाली की लाँग सर्व्हिसचं. मेडलच्या कडेवर बघा, नंबर, रँक, नाव कोरलेलं असतं. डिस्चार्ज बुक मागा, त्यात भरती कधी, सुटले कधी, रेजिमेंट कुठली, सगळं आहे, तेच मानपत्रात टाका, ऐकीव काही नको. नाईक हे नाईकच लिहा, "मेजर" करून मोठं करू नका, नाईक ही मिळवलेली रँक आहे. नावाच्या आधी रँक, नंतर कंसात निवृत्त. आणि २५ हजारातले थोडे पैसे काढून मिलिटरीच्या टेलरकडून त्या मेडलना नव्या रिबिनी लावून, एका पट्टीवर नीट बसवून द्या, डाव्या छातीवर लावायची असतात. ट्रॉफीपेक्षा हे शंभर पटीने बरं. ट्रॉफी कुठे ठेवायची चाळीच्या खोलीत, टीव्हीवर? आता टीव्ही पण भिंतीला.

शाळेच्या लढाईचं मात्र तुम्हाला थोडं शिकून घ्यावं लागेल, नाहीतर स्टेजवर "शिक्षणमहर्षी" म्हणून मोकळे व्हाल. काका जे करतायत ते मुख्यतः आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं काम आहे. २००९ चा कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू, आणि त्यातलं कलम १२(१)(सी) म्हणजे खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या, फी सरकार भरणार. शाळावाले कोर्टात गेले, सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०१२ मध्ये कायदा उचलून धरला, फक्त विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना सूट दिली. त्याच कायद्यात आहे की प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापाची मुलाखत घ्यायची नाही, वयाचा दाखला नाही म्हणून मूल परत पाठवायचं नाही. कागदावर एवढं सरळ आहे. आणि तरी एका शाळेच्या गेटवर मी स्वतः उभा होतो जिथे वॉचमन म्हणाला "आरटीईचे फॉर्म संपले", जसं काही रॉकेल संपलं.

मग २०२४ ला काय झालं ते काकांनी तुम्हाला सांगितलं असेलच, नसेल तर विचारा, डोळे लाल होतील. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने नियम बदलला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. आता मुंबईत एक किलोमीटरच्या आत महापालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही असा पत्ता शोधून दाखवा. म्हणजे शहरातल्या जवळजवळ सगळ्या जागा एका कागदाने गेल्या असत्या. मे महिन्यात हायकोर्टाने स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्दच केला. मधले पाच महिने आईबाप रोज विचारत होते आणि कुणाकडे उत्तर नव्हतं. काका त्या पाच महिन्यांत काय करत होते, कुणाकुणाला धीर दिला, कुठे खेटे घातले, हे मानपत्रात आलं पाहिजे.

बाकी वर्षांची लढाई इतकी नाट्यमय नसते, कंटाळवाणी असते, आणि तीच अवघड. ऑनलाइन फॉर्मवर घराची खूण नकाशावर चुकीच्या जागी पडली की शाळेपासूनचं अंतर चुकतं आणि प्रवेशाच्या लॉटरीत नंबर लागूनही पडताळणीत अर्ज बाद. भाड्याने राहणाऱ्याकडे रजिस्टर केलेला करार नाही, कारण मालक करून देत नाही. उत्पन्नाचा दाखला एक लाखाच्या आतला हवा, आणि ज्या बाईची चार घरची धुणीभांडी आहेत ती दाखला काढायला तहसीलला गेली की त्या दिवसाचा पगार कापला. जातीचा दाखला असेल तर उत्पन्नाची अट नाही हे निम्म्या लोकांना माहीतच नसतं. आणि प्रवेश मिळाला तरी पुस्तकं, युनिफॉर्म, ट्रिप, ॲक्टिव्हिटी, काही ना काही निघतं. त्याच्या पुढचं अजून वाईट, हे सगळं आठवीपर्यंत. नववीला तीच शाळा, तेच बाक, पण फी पूर्ण. काकांच्या पहिल्या बॅचची पोरं याच्यात अडकली असणार, विचारा त्यांना.

मला विचाराल तर हे काम एका फौजीने करणं यात नवल काहीच नाही, आपल्याकडे याची जुनी परंपरा आहे आणि भाषणात सांगायचं तर हे सांगा, पानिपत नको. कंपनी सरकारच्या आणि नंतरच्या फौजेत शिपायांच्या मुलामुलींना पलटणीच्या शाळेत जावंच लागायचं, त्यामुळे ज्या घरांना गावची शाळा बंद होती त्या घरात पलटणीमुळे अक्षर आलं. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार अशाच फौजेच्या शाळेचे हेडमास्तर होते, चौदा वर्षं. मग हे लोक पेन्शन घेऊन गावी आले आणि बघतात तर काय, लिहितावाचता येणाऱ्या हवालदाराच्या पोराला शाळेत आत बसू देत नाहीत. गोपाळबाबा वलंगकर १८८६ ला फौजेतून निवृत्त झाले आणि १८८८ ला अस्पृश्यतेवर सवाल विचारणारी "विटाळ विध्वंसन" ही पुस्तिका काढली. कोकणात कॅम्प दापोलीला महार पेन्शनरांची वस्ती होती, त्यांनी १८९० च्या दशकाच्या सुरवातीला अर्जावर अर्ज केले की आमच्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्या, आणि घेतली तर व्हरांड्यात बसवली. त्याच सुमारास महारांची फौजेतली भरतीही बंद झाली होती, म्हणजे लढून आलेल्या माणसाला दोन्ही दारं बंद. पुढे साताऱ्याला भीमरावांना घरून नेलेल्या तरटावर वेगळं बसावं लागत होतं, वडील सुभेदार असून. पेन्शनर आणि अर्ज, हे जोडपं तेव्हापासूनचं आहे. काकांची फायलींची ट्रंक त्याच रांगेतली.

परदेशातलं उदाहरण हवंच असेल, मंडळातल्या इंग्रजी मीडियमवाल्या पोरांना आवडतं, तर जेम्स मेरेडिथ. अमेरिकेच्या हवाई दलात नऊ वर्षं काढून आलेला कृष्णवर्णीय माणूस, १९६२ ला मिसिसिपी विद्यापीठात शिकायला गेला तर दंगल झाली, दोन माणसं मेली, केंद्र सरकारला मार्शल आणि फौज पाठवावी लागली तेव्हा १ ऑक्टोबरला त्याचं नाव दाखल झालं. त्याच विद्यापीठाने २००६ मध्ये त्याचा पुतळा उभारला, आणि २०१४ मध्ये कुणीतरी त्या पुतळ्याच्या गळ्यात फास अडकवून गेलं. तुमच्यापैकी कुणीतरी म्हणालं ना, चौकाला काकांचं नाव द्यायची मागणी करू. करा की, पण पाटी लागली म्हणजे गेट उघडलं असं समजू नका.

मानपत्राबद्दल. फ्रेममधलं, सोनेरी बॉर्डरचं, "आपण ज्ञानसूर्य आहात" वालं लिहू नका. एक पान, साधी वाक्यं. मी एकदा असं लिहिलं होतं: "रात्रपाळी संपवून घरी न जाता हे सकाळी दहापर्यंत शिक्षण विभागाच्या जिन्यात बसायचे, कारण साहेब दहाला येतात आणि सव्वादहाला मीटिंगला जातात." वाचलं तेव्हा मागच्या रांगेतल्या बायका हसल्या आणि मग दोघीतिघी डोळे पुसायला लागल्या, त्या जिन्यात त्या पण बसल्या होत्या. किती मुलांना प्रवेश मिळाला तो आकडा पिशव्या मोजून लिहा. अठ्ठावीस असतील तर अठ्ठावीस. "हजारो" लिहिलंत तर काका स्वतःच खोडतील, माईकचं वर सांगितलंच आहे.

भेट काय द्यायची यावर परळमधलीच गोष्ट. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या सत्काराची सभा झाली, अध्यक्ष समाजसुधारक सी. के. बोले, आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्या पोराला भेट दिलं. पुढे केळुसकरांनीच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि कॉलेजची स्कॉलरशिप मिळाली. बोल्यांनी १९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात ठराव पास करून घेतला की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा सगळ्यांना खुल्या. म्हणजे त्या सभेला बसलेली माणसं शाल देऊन घरी गेली नाहीत, पुढची वर्षं कामाला लागली. तुमच्याकडे २५ हजार आहेत. डीजे रद्द करा, एक सेकंडहँड लॅपटॉप, एक प्रिंटर-स्कॅनर घ्या आणि मंडळाच्या ऑफिसात अर्ज भरायचं टेबल लावा, काकांच्या नावाने. दोन कॉलेजची पोरं संध्याकाळी सात ते नऊ बसतील, काका खुर्चीवर बसून चुका काढतील, तो मान त्यांना जास्त आवडेल. नकाशावरची खूण बरोबर घराच्या दारावर टाकणं हे तुमच्या पिढीचं काम आहे, त्यांना ते मोबाईलवर दिसतच नाही.

म्हणूनच २६ जानेवारी नको म्हणतो. त्या दिवशी सकाळी झेंडावंदन, मग पुढारी दहा ठिकाणी, तुमच्याकडे दुपारी एकला येणार, तोवर काका उन्हात. ३ जानेवारी घ्या, सावित्रीबाईंची जयंती. अर्ज अलीकडे जानेवारीच्या आसपास सुरू होतात, तारीख दरवर्षी हलते, पण टेबल त्याच दिवशी सुरू करता येईल. १४ जानेवारी माजी सैनिक दिन असतो, फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ ला त्याच दिवशी निवृत्त झाले म्हणून, तोही चालेल, पण त्या दिवशी संक्रांत, बायका येणार नाहीत, आणि या कार्यक्रमाला आया हव्यात.

प्रत्यक्ष कार्यक्रमात डीजे तर नकोच, फटाके अजिबात नको. लढाईतून आलेल्या बऱ्याच जणांचे कान गेलेले असतात आणि काहींना अचानक आवाज झाला की बसल्या जागी दचकायला होतं, ते कुणाला सांगत नाहीत. हाताची खुर्ची द्या, मळकं सोफ्याचं सिंहासन नको ज्यातून उठता येत नाही. पुढाऱ्याला पाच मिनिटं, त्यालाही आधी सांगून. तिरंगा टेबलावर अंथरायचा नाही, हे सांगायची वेळ येऊ नये पण येते.

आणि मुलांचं जपून. काकांनी ज्यांना शाळेत घातलं त्या पोरांना रांगेने स्टेजवर उभं करून "ही बघा आरटीईची मुलं" करू नका. आमच्या एका विद्यार्थिनीला नव्या शाळेत वर्गात नावाऐवजी "ए आरटीई" म्हणायचे, सहावीपर्यंत. ती आज नोकरीला आहे पण अजून असल्या कार्यक्रमात मागच्या दाराने येते. कुणाला आपणहून बोलायचं असेल तर एक जण बोलू दे, दोन मिनिटं, शाळेत काय शिकली ते, कुठल्या कोट्यातून आली ते नको.

पैशांचं पाकीट देऊ नका. द्यायचंच असेल तर आधी घरी विचारा, स्टेजवर नको.

काका बहुतेक नाहीच म्हणतील, "मी काय केलं" वगैरे. तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नका, काकूंशी बोला. काका सीमेवर असताना गावचं घर त्यांनी ओढलं, आणि इथे आल्यावर अर्ज घेऊन दारात आलेल्या प्रत्येक बाईला चहा त्यांनी केला. स्टेजवर दुसरी खुर्ची त्यांची, मानपत्रात त्यांचं नाव, आणि छापायच्या आधी मजकूर त्यांना वाचून दाखवा, काय राहिलं ते त्याच सांगतील. ट्रंकेची किल्ली पण त्यांच्याकडेच असते.